पाच फुटांतली जाई

मे महिन्यातली सकाळ होती. कॅलिफोर्नियातल्या आमच्या गावच्या अग्निशमन दलाची एक तरुण तपासनीस दारात उभी राहिली. कमरेला टेप, हातात टॅबलेट, बुटांवर कुणाच्या तरी अंगणातली माती. वणव्याच्या धोक्यामुळे डोंगरउतारावरच्या घरांची ही तपासणी दरवर्षी होते, त्यामुळे मी निर्धास्त होते. गवत कापून झालं होतं, पन्हळीतल्या पाइनच्या सुया नवऱ्याने आदल्याच रविवारी काढल्या होत्या. ती घराला एक फेरी मारून आली, डेकखाली वाकून पाहिलं, पोटमाळ्याच्या झरोक्यांची जाळी बोटाने चाचपली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबली. तिथे जाईचा वेल आहे. भिंतीला लावलेल्या लाकडी जाळीवरून चढत पार छपराच्या कडेपर्यंत गेलेला. तिने भिंतीला टेप टेकवला आणि पाच फुटांवर बुटाच्या टाचेने जमिनीवर रेघ ओढली. मग काही न बोलता वेलीच्या मागे कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढलेली मूठ माझ्या तळहातावर उघडली. पाचोळा होता. इतका वाळलेला की बोटं मिटली तर त्याचा चुरा झाला असता. समोरून हिरवागार दिसणारा माझा वेल पाठीमागे, भिंतीला चिकटून, दहा वर्षांचा पाचोळा सांभाळून होता. “ठिणगीला एवढं पुरतं,” ती म्हणाली. नवा नियम येतोय, अजून मंजूर झालेला नाही, पण तयारी ठेवा, असंही म्हणाली. आवाजात दटावणी नव्हती. ती गेल्यावरही मी बराच वेळ तो पाचोळा हातात धरून उभी होते.

आई २०१५ साली सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हाची ही जाई. थोरलीचा जन्म झाला होता. बाळंतिणीचं सगळं करून तिचा दिवस संपायचा, तरी संध्याकाळी ती अस्वस्थ असायची. घराला वासच नाही म्हणायची. मग एका नर्सरीत गेलो. नावाची पाटी तिला वाचता येत नव्हती. ती एकेका कुंडीशी वाकून वास घेत पुढे गेली आणि एका किरकोळ, वाकड्या रोपापाशी थांबली. “हीच.” खिडकीखाली कुठे लावायची तेही तिनेच ठरवलं. भांडी घासताना वास आला पाहिजे, देवाला फुलं तोडायला चप्पल घालावी लागू नये, एवढाच तिचा हिशेब. गेली दहा वर्षं उन्हाळ्याच्या संध्याकाळी सिंकचा नळ सोडला की पाण्याबरोबर तो वास येतो. मुलींना वाटतं, भांडी घासण्याचाच तो वास आहे.

त्या जाईला आता घरापासून लांब जायचं होतं.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या फायर मार्शलने आगीच्या धोक्याचे नवे नकाशे टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केले, तेव्हा इथल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: तुमचा रंग कोणता? पिवळा म्हणजे मध्यम, नारिंगी म्हणजे जास्त, लाल म्हणजे अति. आम्ही लाल. नकाशा हातात पडल्यापासून १२० दिवसांत प्रत्येक नगर परिषदेने तो ठराव करून स्वीकारायचा होता. धोका वाढवून दाखवायची मुभा होती, कमी करून दाखवायची नव्हती. त्यामुळे एरवी रस्त्यावरचे खड्डे आणि पार्किंग यांवर चर्चा करणाऱ्या लहान लहान परिषदा त्या उन्हाळ्यात एकाएकी झरोक्यांच्या जाळीची भोकं मोजायला लागल्या. शेजारच्या बर्कलेने तर राज्याची वाटही पाहिली नाही. घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत जळणारं काहीही नको, असा कायदा राज्याने २०२० मध्येच केला होता, पण त्याचे बारीक नियम २०२३ उजाडलं तरी ठरले नाहीत. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस जळल्यावर राज्यपाल न्यूसम यांनी ते त्या वर्षाच्या अखेरपर्यंत पुरे करायचा आदेश काढला. बर्कलेच्या परिषदेने त्याच जूनमध्ये ग्रिझली पीक आणि पॅनोरॅमिक हिल या आपल्या सगळ्यात धोक्याच्या भागांसाठी स्वतःचा नियम मंजूर केला आणि १ जानेवारी २०२६ ही तारीख घातली. आमच्या गावाने तोच मसुदा समोर ठेवून आपला लिहायला घेतला. या पाच फुटांना इथे ‘झोन झिरो’ म्हणतात. शून्य पट्टा. आईने जाई लावली ती बरोबर त्या शून्यात.

मी पहिल्यांदा चिडले, हे लपवत नाही. डोंगरावर निलगिरीची जंगलंच्या जंगलं उभी आहेत, वाऱ्याने विजेच्या तारा हेलकावतात, आणि तुम्हाला माझी जाई दिसते? आग काय माझ्या खिडकीखाली लागणार आहे? हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला, मैत्रिणींना विचारला, आणि रात्री झोप येईना तेव्हा वाचत बसले. जॅक कोहेन नावाच्या वनखात्याच्या शास्त्रज्ञाने कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगितली आहे: आग भिंतीसारखी चालत येऊन घर गिळते, हे आपल्या मनातलं चित्र आहे. बहुतेक घरं ठिणग्यांनी पेटतात. आग अजून मैलभर लांब असते, वारा पेटती सालं, काटक्या, छपरांचे तुकडे घेऊन पुढे येतो. ते घराच्या भिंतीवर आपटून पायाशी पडतात, जिथे अंगणातला पाचोळाही वाऱ्याने येऊन पडतो, अगदी तिथेच. त्या कोपऱ्यात काथ्याचं पायपुसणं असेल, सरपण रचलेलं असेल, वेल असेल, तर पुढचं काम आपोआप होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं. पंच्याऐंशी माणसं गेली, अठरा हजारांहून जास्त इमारती गेल्या. त्यानंतरच्या फोटोंमध्ये घर राख झालेलं आणि बाजूचं पाइनचं झाड हिरवं उभं, हे दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. रान जळत आलं आणि मग घरांनी घरं पेटवली. त्याच गावाची आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. वणव्याच्या भागातल्या नव्या बांधकामाला राज्याने २००८ पासून कडक नियम लावले होते. पुढे वर्तमानपत्रांनी हिशेब केला तेव्हा दिसलं की त्या नियमांनंतर बांधलेल्या घरांपैकी जवळजवळ निम्मी घरं शाबूत राहिली, आणि आधीच्या जुन्या घरांपैकी शंभरातली जेमतेम अठरा. छप्पर, काच, झरोक्याला बारीक जाळी. इतक्या साध्या गोष्टी होत्या त्या.

हे सगळं वाचताना डोळ्यांसमोर मात्र आमचं संगमेश्वराकडचं घर येत होतं. फेब्रुवारी लागला की सड्यावरचं गवत सोनेरी व्हायचं आणि कुठल्या ना कुठल्या डोंगरावर रात्री वणव्याची वाकडी माळ दिसायची. आम्हा मुलांना ती सुंदर वाटायची. अण्णा मात्र अंगणात उभे राहून वारा कुठला आहे ते पाहायचे. काजूच्या बागेभोवती पौषातच गवत काढून, जमीन उघडी करून जाळरेषा काढलेली असायची. पेंढ्याची उडवी घरापासून लांब, गडग्यापलीकडे. त्या उडवीसाठी अण्णांचं एक माप होतं: चुलीतलं कोलीत कुणी रागाने फेकलं, तरी तिथवर पोचता कामा नये. आम्ही भावंडं काठ्या फेकून ते माप तपासायचो. एकदा वणवा खरंच बागेपर्यंत आला तेव्हा सगळी वाडी ओले टहाळे घेऊन धावली होती. कुणाची बाग, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या भुवया करपलेल्या, आणि आईने तपेलंभर सरबत केलेलं. बागेतली अकरा काजूची झाडं गेली. जाळरेषा जिथे अण्णांनी आळसाने अरुंद ठेवली होती, तिथूनच आग आत शिरली होती. ते पुढची कित्येक वर्षं त्या जागेवरून जाताना मान खाली घालायचे.

नियम लिहिलेला नव्हता, तरी होता.

इथे तो लिहावा लागतो, कारण इथली माणसं एका वाडीची नाहीत आणि इथल्या विस्मरणाला मोठा इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९२३ ला डोंगरावरून उतरलेल्या आगीत बर्कलेची सहाशेच्या आसपास घरं एका दुपारी गेली. बहुतेकांवर लाकडी कवलांची छपरं होती. परिषदेने लगेच न जळणाऱ्या छपरांचा कायदा केला, आणि विरोध होताच तो मागेही घेतला. पुन्हा लाकडी छपरं चढली. २० ऑक्टोबर १९९१, रविवार. आदल्या दिवशी विझवलेली ओकलंडच्या डोंगरावरची गवताची लहानशी आग डायब्लो नावाच्या कोरड्या, जोरदार वाऱ्यावर पुन्हा उठली. पंचवीस माणसं आणि तीन हजारांच्या घरात राहती घरं. बाहेरगावाहून मदतीला आलेल्या बंबांचे पाइप ओकलंडच्या नळांना बसत नव्हते, कारण जोडाचं माप वेगळं, अर्ध्या इंचाचा फरक. मला त्या अर्ध्या इंचाचा विचार करवत नाही. तो ठरवताना कुठल्यातरी कचेरीत कुणालातरी ती बाब किरकोळ वाटली असेल. पाच फूट आपल्याला किरकोळ वाटतात, तसंच.

आमच्या शेजारच्या आजींचं ओकलंडचं घर त्या रविवारी गेलं. (मुली त्यांना आजीच म्हणतात, त्यांनाही तो शब्द आवडतो.) नंतर त्या आमच्या गावात आल्या. त्यांचं घर आणि आमचं घर यांत तेरा फुटांचं अंतर आहे, मधे सामाईक लाकडी कुंपण. कुंपणाच्या अलीकडे आमची जाई, पलीकडे त्यांच्या भिंतीला टेकलेला गुलाब. जुलैमध्ये नियमावर सुनावणी होती. मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. मला वाटलं होतं, आगीतून गेलेलं माणूस, त्या नियमाच्या बाजूनेच बोलणार.

सभागृह भरून गेलं होतं. भिंतीलगत माणसं उभी. बोलणारे इतके की प्रत्येकाला एकच मिनिट दिलं, समोर लाल आकडे उलटे धावत होते. एका माणसाने विम्याचं पत्र फडकावलं. त्याची पॉलिसी कंपनीने पुढे चालू ठेवली नव्हती आणि नवी मिळत नव्हती. नियम आजच करा, तो म्हणाला, निदान घर सुरक्षित केल्याचं मी दाखवू तरी शकेन. एका बाईंनी विचारलं की सगळ्यांनी झाडं काढून खडी टाकली तर उन्हाळ्यात भिंती तापतील त्याचं काय, मधमाश्यांचं काय. झाडांत पाणी असतं, हिरवं झाड ठिणग्या अडवतं, असं कुणी म्हणालं. वाळलेलं झाड अडवत नाही, असं उत्तर मागून आलं. दलाच्या अधिकाऱ्याने पडद्यावर आमच्या टेकडीचा रस्ता दाखवला. बाहेर पडायला एकच. बाजूला गाड्या लावलेल्या असल्या की बंब आणि उतरणारी गाडी एका वेळी जात नाहीत. तेव्हा सभागृह थोडं शांत झालं. मग आजी उठल्या. हात थरथरत होते, म्हणून कागद टेबलावर ठेवून वाचला. आगीनंतर पंधरा दिवसांनी जागेवर जाऊ दिलं तेव्हा चिमणी आणि पायऱ्या सोडल्या तर काही नव्हतं. पायऱ्यांच्या कडेला राखेतून हिरवा कोंब वर आला होता, आधीच्या वर्षी लावलेल्या कंदाचा. “माझ्या घरातलं सगळ्यात आधी परत आलं ते एक झाड,” त्या म्हणाल्या. “मला एक्याऐंशी वर्षं झाली. माझ्या भिंतीजवळ खडी टाकायला सांगू नका.” मिनिट संपलं. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत मीही होते.

माझं नाव त्यांच्यानंतर दोन माणसांनी होतं. खिशात चिठ्ठी होती, जाईवर लिहिलेली, विरोधाची. त्या दोन मिनिटांत मी आजींकडे पाहत होते आणि मनात तेरा फूट मोजत होते. माझ्या भिंतीला लागलेला वेल पेटला तर ज्वाळा छपराच्या कडेला जातील, आमचं छप्पर धरेल, आणि आमचं घर पेटलं तर त्यांच्या घराला वाचवणारं मधे काहीच नाही. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनात एकेक करून रांगच्या रांग गेली, ती अशीच, खिडकीकडून खिडकीकडे. माझा पाचोळा म्हणजे आजींचं दुसरं घर. हा विचार पायांत गोळा यावा तसा आला. मी माइकपाशी गेले आणि चिठ्ठी न काढता बोलले. नियमाला माझा पाठिंबा आहे, पण आमच्या टेकडीवर एकट्याने राहणारी म्हातारी माणसं बरीच आहेत. त्यांना पत्र पाठवून मोकळं होऊ नका. कुंपण कापायला, झरोके बदलायला पैसे लागतात आणि वाकायला कंबर लागते. दोन्ही द्या. दंडाच्या आधी माणसं पाठवा. एवढं म्हणेपर्यंत आकडे शून्यावर आले. खाली बसले तेव्हा आजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. परतीच्या रस्त्यात आम्ही दोघी गप्प होतो. दारापाशी उतरताना त्यांनी आभार मानले, नेहमीसारखे, आणि मला ते आभार फार जड गेले.

नियम मंजूर झाला. त्यात शेवटी म्हाताऱ्यांसाठी मदतीचा एक परिच्छेद आला, थोडा निधी, आधी सल्ला आणि मगच दंड. माझ्या एका मिनिटाने तो आला असं मी म्हणत नाही, बऱ्याच जणांनी तेच मागितलं होतं. तो पुरेसा नाही, हे मला अजूनही वाटतं. ज्याला पगार आहे त्याने शनिवार-रविवार काढून खडी पसरायची आणि ज्याच्याकडे पेन्शनच आहे त्याने अर्ज भरून रांगेत थांबायचं, याला मी सुरक्षित गाव म्हणणार नाही. टेकडीवरची पंचवीस घरं सुरक्षित झाली आणि मधलं एक राहिलं, तर वारा तेच शोधून काढेल.

आईला सांगायला मी दिवाळीपर्यंत टाळलं. व्हिडिओ कॉलवर तिने नेहमीसारखं विचारलं, जाई आली का गं यंदा? तेव्हा सांगितलं. सगळं सांगितलं, नकाशा, पाच फूट, मुठीतला पाचोळा. ती ऐकत होती, मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी उठली नाही. मग म्हणाली, “अगं, पण वेलीचं मागचं झाडायचं असतं. दर दसऱ्याला. मी तुला सांगितलं नव्हतं का?” सांगितलं असेल. मला आठवत नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “अण्णा असते तर त्यांनी मला तिथे लावूच दिली नसती.” आणि मग, फोन ठेवताना: “मूळ खोल गेलं असेल. पाणी घालून दोन दिवस मुरू दे, मग खण. पौर्णिमेची वाट नको बघू, पाऊस बघ.”

पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर आम्ही वेल छाटला. गुडघ्याएवढा ठेवला. लाकडी जाळी भिंतीवरून सुटताना मागे रंगाची दहा वर्षांपूर्वीची छटा निघाली, आजूबाजूपेक्षा गडद, वेलीच्याच आकाराची. फांद्यांचा ढीग झाला आणि त्या ढिगाखालून पाचोळा किती निघाला तर तीन पोती. एका बेचक्यात कुठल्यातरी लहान पाखराचं रिकामं घरटं होतं. धाकटीने ते जपून खोक्यात ठेवलं. खणायला नवरा लागला, पण मूळ पायाच्या काँक्रीटला चिकटून गेलं होतं आणि पहार कुठे घालावी ते कळेना. तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. आजी. हातात मोजे, लांब दांड्याचं अरुंद फावडं. जुलैनंतर आमचं बोलणं थोडकंच झालं होतं. त्या काही न म्हणता ओल्या मातीत गुडघ्यावर बसल्या, बोटांनी माती सारून मुळाचा एक जाड फाटा दाखवला: हा कापा, तो राहू द्या. कापलेल्या जागेतून मातीचा आणि हिरव्या लाकडाचा वास आला. फुलांचा नव्हे, पण ओळखीचा. गोळा निघाला तो ओल्या गोणपाटात गुंडाळून चौघांनी मिळून मागच्या अंगणात, भिंतीपासून अकरा फुटांवर नेला, जिथे लोखंडी कमान रोवून ठेवली होती.

खड्डा भरून झाला. माती दाबली, पाणी घातलं. खिडकीखाली मोकळी, काळपट, उघडी पट्टी राहिली होती आणि तिच्यावर घालायची खडी फाटकाशी पोत्यांत होती. आजी उभ्या राहिल्या, गुडघे झटकले, आणि कुंपणापलीकडे आपल्या गुलाबाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. हिवाळ्यातला गुलाब, सगळे काटे आणि वर एकच उशिराची कळी. मग त्यांनी आमचा टेप उचलला, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन आपल्या भिंतीकडे चालत गेल्या.